स्टँडवरचा नवा भाटकार

गोव्यातल्या मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाला. त्याच महिन्यात माझ्या मावसभावाने बँकेचे कर्ज काढून टॅक्सी घेतली. घर पेडणे तालुक्यातच. उतरणारी विमाने अंगणातून दिसतात. त्याने बॅज काढला, परमिट काढले, विमा भरला, गाडी पासिंग करून घेतली. सरकारला जे जे कागद हवे होते ते सगळे त्याच्यापाशी होते. मग गाडी घेऊन तो किनाऱ्यावरच्या एका स्टँडवर गेला. तिथे त्याला कोणी कागद विचारले नाहीत. गाव विचारले, मग वाडा विचारला आणि सांगितले, "हांगा तुजो नंबर ना." अर्ज दे, समिती बघेल. समितीने दोन पावसाळे बघितले.

गोव्यात टॅक्सीचा विषय निघाला की बोलणे लगेच गोंयकार आणि बाहेरचे या वळणावर जाते. मोठ्या कंपन्या येतील, आमच्या पोरांच्या पोटावर पाय देतील, असे म्हटले जाते. माझा मावसभाऊ कुठल्या कंपनीचा नाही. त्याच्या चार पिढ्या याच मातीत गेल्या. त्याला अडवणारेही इथलेच, आणि बहुधा त्याच्याइतकेच कर्जबाजारी. त्यांचा मला राग नाही. मे महिना संपला की भाडी आटतात, हप्ता मात्र पावसाळ्यातही थांबत नाही, हे मी घरात बघितले आहे. पण त्यांनी जे दार लावून घेतले आहे, ते त्यांचे नव्हे. त्या दाराची किल्ली सरकारने त्यांच्या हाती दिली आहे, आणि माझी तक्रार तिथे आहे.

आमचे आजोबा मुंडकार होते, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारे. घराला नवी कौले घालायची तर भाटकाराला विचारायचे, परसात माड लावायचा तरी विचारायचे. तो वाईट माणूस होता असे आजोबा कधी म्हणाले नाहीत. चवथीला तो नारळ पाठवायचा, लग्नाकार्याला मदतही करायचा. पण आपल्या घामाने जगायला दुसऱ्याची परवानगी लागते, ही गोष्ट माणसाला आतून वाकवते. १९७५ चा मुंडकार कायदा आला आणि आजोबांच्या पिढीची ती वाकलेली पाठ थोडी सरळ झाली. मी खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता आहे आणि तरीही त्या कायद्याच्या बाजूने आहे, कारण त्याने एका माणसाची दुसऱ्यावरची मर्जी संपवली. जो कायदा परवानगीची गरज कमी करतो तो मला आपला वाटतो. जो ती वाढवतो त्याच्याकडे मी संशयाने बघतो, मग त्यावर कामगारांच्या हिताचे नाव का असेना. पन्नास वर्षांनी त्याच घरातल्या नातवाला गाडी चालवण्यासाठी पुन्हा कोणाच्या तरी मर्जीची वाट बघावी लागते आहे.

संघटनेच्या हक्काबद्दल मला काहीही शंका नाही, हे आधीच सांगतो. सालाझारच्या पोर्तुगीज राजवटीत स्वतंत्र कामगार संघटना चालत नव्हत्या, संपाला बंदी होती. गोव्याच्या कामगाराला तो हक्क १९ डिसेंबर १९६१ नंतर मिळाला. कारखान्यातले दोनशे कामगार एकत्र येऊन मालकाशी पगाराची बोलणी करतात, काम थांबवतात, तेव्हा ते स्वतःच्या मालकीची वस्तू, म्हणजे स्वतःचे श्रम, रोखून धरतात. तो त्यांचा पूर्ण अधिकार. टॅक्सी स्टँडवर मात्र मालक कोणीच नाही. प्रत्येक जण आपापल्या गाडीचा धनी. मग ही संघटना वाटाघाटी करते कोणाशी? एका बाजूला गिऱ्हाईक आहे आणि दुसऱ्या बाजूला बाहेर उभा असलेला तिसरा टॅक्सीवाला. इथे रोखले जाते ते स्वतःचे श्रम नव्हेत, दुसऱ्याचे. कामगार संघटना आणि व्यापाऱ्यांची मक्तेदारी यांतली रेघ मी इथे ओढतो. ही रेघ ओलांडणाऱ्याने डोक्यावर कामगाराची टोपी घातली म्हणून तिचा अर्थ बदलत नाही.

आता ही मक्तेदारी टिकते कशी? बाजारात चार विक्रेत्यांनी ठरवून भाव वाढवला तर पाचवा येऊन तो पाडतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणीही हे बघावे. मिरचीचा भाव कोणाची संघटना फार वेळ धरून ठेवू शकत नाही. टॅक्सीत पाचवा येऊ शकत नाही, कारण परमिट सरकारच्या हाती, स्टँडची जागा सरकारच्या हाती, भाड्याचा दर अधिसूचनेने ठरतो, आणि पाचव्याला रस्त्यात अडवले तर पोलीस 'आपसांत मिटवा' म्हणतात. संघटनेची ताकद म्हणून आपण जी पाहतो ती बरीचशी सरकारची उसनी ताकद आहे.

सरकार ती का देते, याला गोव्यात फार खोल सिद्धांत लागत नाही. विधानसभेच्या ४० जागा, एका मतदारसंघात साधारण अठ्ठावीस-तीस हजार मतदार. २०२२ मध्ये खुद्द मुख्यमंत्री साखळीतून ६६६ मतांनी निवडून आले. सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांवर लागला. अशा ठिकाणी पाचशे टॅक्सीवाल्यांची घरे एका बाजूने मतदान करणार असतील, तर त्यांना दुखावणारा आमदार शोधून सापडणार नाही. मॅन्सर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये हे मांडले होते: थोड्या लोकांचा मोठा फायदा आणि पुष्कळ लोकांचे थोडे थोडे नुकसान असा सामना असेल, तर थोडेच जिंकतात, कारण ते संघटित होतात. रात्री म्हापशाच्या कदंब स्टँडवर शेवटची बस चुकलेल्या बाईची संघटना नसते. बांबोळीला गोमेकॉ इस्पितळात आईला घेऊन निघालेल्या मुलाचीही नसते. ती त्या रात्रीपुरती हतबल असतात, पैसे मोजतात आणि सकाळी आपल्या कामाला लागतात.

या व्यवस्थेत टॅक्सीवाल्याचे तरी भले होते का? मला वाटते, नाही, आणि यावर गोव्यात पुरेसे बोलले गेलेले नाही.

स्टँडवर नंबर लावायची पद्धत बघा. तीस गाड्या रांगेत. पहिल्याला भाडे मिळाले की तो निघतो, परतल्यावर शेवटी उभा राहतो. आलेल्या प्रवाशाला दुसरीकडची गाडी बोलावता येत नाही, आणि पोहोचवायला गेलेल्या गाडीला तिथून परतीचे भाडे घेता येत नाही, कारण तो दुसऱ्यांचा इलाका. समजा, हप्ता, पेट्रोल आणि घरखर्च धरून दिवसाला अडीच हजार रुपये सुटायलाच हवेत. दिवसात दोनच भाडी मिळणार असतील तर प्रत्येकी साडेबाराशे काढावे लागतील, वर रिकाम्या परतीचे पेट्रोल. तीच गाडी दिवसाला आठ भाडी मारेल तर तीनशे-साडेतीनशेत भागेल. चालकाला लोभी म्हणणे मला म्हणूनच पटत नाही. तो दिवसाचे आठ तास झाडाखाली पत्ते खेळत बसतो आणि त्या आठ तासांचे पैसे त्याला एका गिऱ्हाइकाकडून काढावे लागतात. गिऱ्हाईक एकदा देते. दुसऱ्या दिवशी ते भाड्याची स्कूटर घेते. म्हणजे भाडी आणखी कमी, म्हणून दर आणखी चढा, म्हणून स्कूटरी आणखी जास्त. हणजुणे-मोरजीच्या रस्त्यावर काळ्या पाटीच्या दुचाक्यांची जी रांग लागते, ती या हिशेबातूनही आली आहे. टॅक्सीवाल्याने आपल्यापुरते दार लावले आणि गिऱ्हाईक खिडकीतून निघून गेले.

जगात हे आधी घडून गेले आहे. न्यूयॉर्कमध्ये १९३७ च्या हास कायद्याने टॅक्सी परवान्यांची संख्या गोठवली. परवाना विकता येत होता, त्यामुळे त्याची किंमत चढत गेली आणि २०१४ च्या सुमारास एका परवान्याला दहा लाख डॉलरांहून अधिक मोजले जाऊ लागले. ज्यांनी तो आयुष्यभराचे कर्ज काढून विकत घेतला ते बहुतेक बाहेरून आलेले गरीब चालक होते. ॲपच्या गाड्या आल्या, किंमत कोसळली, कर्ज राहिले. २०१८ मध्ये तिथे कर्जात बुडालेल्या चालकांनी आत्महत्याही केल्या. गॉर्डन टलक या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच हा सापळा दाखवला होता: बंद दाराचा लाभ पहिली पिढी घेऊन जाते, दुसरी पिढी तोच लाभ विकत घेऊन आत शिरते, त्यामुळे तिच्या हाती जास्तीचे काहीच उरत नाही, पण दार उघडले तर मात्र ती बुडते. म्हणून ती दार धरून बसते. आपल्या स्टँडवर जी चिडचिड दिसते, तिच्या तळाशी ही भीती आहे. ती खोटी नाही. पण ती दर वर्षी पुढे ढकलली की दर वर्षी आणखी एक पोरगा कर्ज काढून त्याच सापळ्यात पाय ठेवतो.

गोवा सरकारने प्रयत्नच केले नाहीत असे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पर्यटन विकास महामंडळाच्या माध्यमातून गोवामाइल्स हे ॲप आले. मग संप झाले, त्या ॲपच्या चालकांना अडवल्याच्या, मारहाणीच्या, काचा फोडल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. डिजिटल मीटरसाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. मीटर बसले, पण भाडे अजूनही बहुतेक ठिकाणी तोंडीच ठरते. २०२५ च्या मे महिन्यात ॲपवर चालणाऱ्या टॅक्सींसाठी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा जाहीर झाला आणि टॅक्सीवाल्यांच्या विरोधानंतर त्याच वर्षी मागे घेण्यात आला. एक पाऊल पुढे, मग मोर्चा, मग माघार. या सगळ्यात ज्याने नियम पाळून वाट बघितली त्याचा वेळ गेला, आणि ज्याने रस्ता अडवला त्याचे काम झाले. तरुण मुले यातून काय शिकतात, हा प्रश्न मला टॅक्सीच्या भाड्यापेक्षा मोठा वाटतो.

टॅक्सीवाल्यांची एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. सरकारी महामंडळाने एकाच ॲपला हाताशी का धरावे? विमानतळावर एकाला काउंटर, दुसऱ्याला का नाही? हे खुल्या बाजाराचे धोरण नाहीच. एका मक्तेदारीशेजारी सरकारने दुसरी उभी केली आणि दोघांना झुंजायला लावले. दहा ॲपना येऊ द्यावे, त्यातले एक पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांनी स्वतः काढलेले असावे, आणि सरकारने कोणाच्याच पाठीवर हात ठेवू नये.

कंपन्या कमिशन खातील ही दुसरी भीती. नोव्हेंबर २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत चालकाला भाड्याचे किमान ८० टक्के मिळावेत असे लिहिले गेले. तो आकडा कागदावर राहिला की अमलात आला, यावर चालक आणि कंपन्या भांडत राहिल्या. बंगळुरात रिक्षाचालकांनी दुसरा रस्ता धरला. तिथल्या रिक्षाचालकांच्या संघटनेच्या पाठबळावर २०२२ मध्ये 'नम्म यात्री' हे ॲप सुरू झाले. फेरीमागे कमिशन नाही. पुढे दिवसाला पंचवीस रुपयांची वर्गणी आली आणि बाकी सगळे चालकाचे. रिक्षावाले तिकडे वळू लागले तेव्हा मोठ्या कंपन्यांनाही रिक्षांसाठी कमिशन सोडून वर्गणीवर यावे लागले. नियमाने जे वीस टक्क्यांवर आणायचे ठरवले होते, ते स्पर्धेने जवळपास शून्यावर आणले. आणि ते एका कामगार संघटनेने घडवले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तिने कोणाला अडवले नाही. तिने अधिक चांगली सेवा बाजारात आणली.

शरद जोशींची शेतकरी संघटना मला या संदर्भात आठवते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत हजारो शेतकरी रस्त्यावर आले तेव्हा त्यांची मागणी दुसऱ्या शेतकऱ्याला बाजारात येऊ देऊ नका अशी नव्हती. लेव्ही, निर्यातबंदी, जिल्हाबंदी ही कुलपे काढा, असे ते सांगत होते. संघटना दार उघडण्यासाठीही उभी राहू शकते.

गिरणगावाची गोष्ट उलट दिशेची. आमच्याकडची पुष्कळ माणसे लालबाग-परळच्या गिरण्यांत होती, माझे एक काकाही. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप कसा हरला हे सगळे सांगतात. तो का झाला, हे कमी सांगितले जाते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, दिला होता. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता, पण कायद्यापुढे दुसऱ्या कोणाचा आवाज चालत नव्हता. आपला प्रतिनिधी बदलण्यासाठी अडीच लाख माणसांना घरदार पणाला लावावे लागले. काका गावी परतले ते एका ट्रंकेनिशी. सरकारने संघटनेला मक्ता दिला की पहिला बळी कामगाराचाच जातो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी त्यांच्याकडून ऐकले.

कारखान्यांच्या कायद्याचेही तसेच झाले. १९७६ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात तरतूद आली की तीनशे किंवा अधिक कामगार असतील तर कपातीला, कारखाना बंद करायला सरकारची परवानगी हवी. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शंभरावर आली. हेतू नोकरी टिकवण्याचा होता. मालकांनी काय केले? कायम कामगार घ्यायचे टाळले आणि कंत्राटदाराकडून माणसे आणली. देशातल्या संघटित कारखान्यांत २००० च्या सुमारास पाचातला एक कामगार कंत्राटी होता, आता पाचातले दोन आहेत. याला इतरही कारणे आहेत, पण कायम नोकरी देणेच जोखमीचे करून ठेवले की तसे होणारच. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर सकाळी उभे राहा. एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघांच्या ओळखपत्रांचे रंग वेगळे, पगार वेगळे, आणि संघटना फक्त एकाची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने मर्यादा पुन्हा तीनशेवर नेली आहे. मला ते योग्य वाटते, मात्र उशीर फार झाला. मधल्या चाळीस वर्षांत ज्यांच्या वाट्याला कायम नोकरी आलीच नाही, त्यांच्यासाठी कोणत्या संघटनेने मोर्चा काढला?

सरकारने काहीच करू नये, असे मी म्हणत नाही. चालकाची पोलीस पडताळणी हवी. गाडीची तपासणी, विमा, महिलेने रात्री बसल्यावर तिचा प्रवास कुठे चालला आहे हे घरी कळण्याची सोय, गाडीत बसण्याआधी भाडे सांगितलेच पाहिजे हा नियम, हे सगळे हवे आणि कडक हवे. हे नियम प्रवाशाचे रक्षण करतात. किती गाड्या असाव्यात, कोणी कुठे उभे राहावे, कोणत्या वाड्याच्या माणसाने कोणत्या वाड्यातून भाडे घ्यावे, हे नियम फक्त आधी आलेल्याचे रक्षण करतात. आणि रस्त्यात गाडी अडवणे हा गुन्हा आहे, तो करणारा मतदार असला तरी. जे आज कर्जात आहेत त्यांना हप्त्याची मुदत वाढवून द्यावी, व्याजात सवलत द्यावी. तो खर्च करदात्यांनी एकदा उचलावा, असे मी अगदी मनापासून म्हणतो. दार उघडताना कोणाचे बोट चेंगरणार असेल तर आधी ते बोट सोडवावे.

आपल्याकडचा मोटारसायकल पायलटसुद्धा मला या वेळी आठवतो. देशात इतर कुठे दुचाकीवर भाडे मारण्याची कल्पनाही नव्हती, तेव्हा गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या गाड्या फेरीबोटीच्या धक्क्यावर, तिठ्यावर उभ्या असायच्या. ती कोणाची सरकारी योजना नव्हती. अरुंद रस्ते, दूरवर पसरलेले वाडे, वेळेवर बस नाही, म्हणून माणसांनी धंदा सुरू केला; परवाना मागून आला. आज बाकीचा देश ॲपवरून जी बाइक टॅक्सी बोलावतो, ती आमच्या गावात आमच्या लहानपणीच होती. नव्या गोष्टीला भिणारे लोक आपण मुळात नव्हतो.

मावसभावाने गेल्या वर्षी गाडी विकली. कर्ज पूर्ण फिटले नाही. तो आता पुण्यात असतो, हडपसरला दोघांत एक खोली घेऊन, आणि दुसऱ्याच्या मालकीची कॅब ॲपवर चालवतो. तिथे त्याला कोणी वाडा विचारला नाही; लायसन्स बघितले, बॅज बघितला आणि तिसऱ्या दिवशी तो रस्त्यावर होता. चवथीला येतो. रात्रीच्या बसने निघतो, बांदा-पत्रादेवी करून पहाटे हमरस्त्यावर उतरतो. तिथून घर नऊ किलोमीटर, आणि त्या वेळी गाडी मिळत नाही. यंदा त्याला आणायला मोटारसायकल घेऊन मी गेलो होतो.